फाटकाचे गज

शेत विकलं आणि आम्ही बायका घरात बसलो. लोकांना वाटतं पैसा आला की माणूस मोकळं होतं. आमचं उलटं झालं. नगर रस्त्याला लागून असलेली आमची वाघोलीची जमीन एका कॉलेजवाल्यानं घेतली, मागची एका बिल्डरनं घेतली, आणि उरलेल्या तुकड्यावर सासऱ्यांनी दोन मजली बंगला बांधला. तोवर मी रोज सकाळी भाकऱ्या बांधून शेतात जात होते. विहिरीवर चार बायका भेटायच्या, खुरपताना गावातल्या सगळ्या भानगडी कळायच्या. कंबर मोडायची, ते काही सुखाचं नव्हतं. पण कोण बाळंत झाली, कुणाचं नवऱ्याशी वाजलं, हे दुपारपर्यंत कानावर आलेलं असायचं. बंगल्यात राहायला गेलो त्या दिवशी मामंजी, म्हणजे माझे सासरे, जेवता जेवता म्हणाले, "आता आपल्या बायका रस्त्यानं हिंडताना दिसायच्या न्हाईत. लोक नावं ठेवतील." आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, मान हलवली. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी ताटातली मेथी संपवली.

फाटक मोठं होतं, दोन दारांचं, उभे गज आणि वर उगवता सूर्य. ते पुण्याहून टेम्पोतून आलं तेव्हा निम्मं गाव बघायला जमलं होतं. पुढे शेजारच्या वस्तीवर चोरी झाली आणि फाटकाला कुलूप लागलं. मामंजी आणि माझा नवरा सकाळी जीपमधून प्लॉट दाखवायला निघायचे. बाहेर गेल्यावर मामंजी गजांतून हात घालून आतल्या बाजूला साखळी ओढायचे आणि आतूनच कुलूप लावायचे, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला ते दिसू नये. चावी त्यांच्या करगोट्याला. चोर आत येऊ नये म्हणून कुलूप, असं ते म्हणायचे. चोर आले असते तर आम्ही पळालो कुठून असतो, हे मी एकदा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चोर येतील कसे, कुलूप हाय की."

दिवस कसा जायचा ते सांगते. सकाळी बोअरची मोटर घुरघुरायची, मग रस्त्यावरचे ट्रक, मग मागच्या बाजूला काँक्रीट कालवायचं यंत्र सुरू व्हायचं ते संध्याकाळी थांबायचं. ज्या जागेवर आमची बाजरी होती तिथं चार मजले उभे राहत होते. गॅसवर भाकरी फुगत नाही म्हणून आत्याबाई रोज कुरकुरायच्या. त्यांनी मागच्या अंगणात चूल घातली, तर मामंजींनी बंगल्याच्या भिंती काळ्या होतात म्हणून ती मोडायला लावली. तेव्हा आत्याबाई न्हाणीघरात जाऊन रडल्या. मी बाहेरून ऐकलं, पण दार वाजवलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं. अकरा वाजता कामं संपायची. मग टीव्ही. टीव्हीवरच्या बायका घरातसुद्धा दागिने घालून बसलेल्या असायच्या आणि एकमेकींचं वाटोळं करायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा तो एवढ्याचसाठी, की त्यांच्या घरी सारखं कोणी ना कोणी यायचं.

मागच्या बाजूला मामंजींनी दोन खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. त्यांचं दार वेगळं, गल्लीत उघडणारं, आणि मध्ये छातीएवढी भिंत. तिथं शैलाताई राहायला आल्या, अकोल्याकडच्या, नवरा त्याच नव्या कॉलेजात शिकवायचा. त्यांची धुणं धुवायची जागा भिंतीपलीकडे आणि माझी अलीकडे. त्या धुणं झाल्यावर तिथंच पायरीवर बसून जाळीच्या कापडावर लोकरीनं भरायच्या. बोथट टोकाची सुई, तिरका टाका, जाळीचं एकेक भोक भरत जायचं, की हळूहळू चित्र उठतं. मी भिंतीवरून बघत राहायचे. एके दिवशी त्यांनी मला एक तुकडा, सुई आणि हिरव्या लोकरीची लडी दिली. म्हणाल्या, "नुसतं बघून काय होते, भरून पाहा." आत्याबाईंना मी दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बसल्या जागी हुतंय न्हवं? मग कर." घरातून पाऊल बाहेर पडत नाही असं कोणतंही काम आमच्याकडे चालायचं.

शैलाताईंनीच मला वहीत घेतलं. ती एक साधी गणिताची चौकटीची वही होती, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. पुण्यातल्या आठ बायकांत ती फिरायची. एकीकडे आठ दिवस. वहीचे नियम पहिल्या पानावर लिहिले होते, आणि ते लिहिणाऱ्या लिमयेबाई सदाशिव पेठेत राहायच्या. आवडेल तो नमुना उतरून घ्या. त्याबदल्यात एक नवा नमुना काढा, एक चौकट म्हणजे एक टाका. नमुन्याखाली आपलं नाव आणि तो कुठं पाहिला ते लिहा. पाठोपाठ दोन फेऱ्या नमुना दिला नाही तर नाव कमी होईल. शेवटचा नियम असा होता : वहीवर तेलाचे डाग पाडू नयेत, आपल्याकडे पाहुण्यांसारखी वागणूक मिळावी अशी तिची अपेक्षा आहे.

वहीची मागची पानं बातम्यांची. कोणत्या दुकानात नव्या रंगांची लोकर आली, कोणत्या कंपनीची धुतली की रंग सोडते, तुळशीबागेत जाळी कुठं चांगली मिळते. पण बायका तेवढ्यावर थांबतात होय? एकीनं लिहिलं होतं, मुलगा कॉम्प्युटर शिकून बंगळूरला गेला, आता त्याच्या खोलीत माझी भरतकामाची चौकट ठेवली आहे, त्याला कळवू नये. दुसरीनं लिहिलं, मिस्टरांची कंपनी बंद पडली, पुढच्या फेरीत लोकर उसनी लागेल. त्याखाली तिसरीनं, माझ्याकडे तपकिरी आणि राखाडी भरपूर आहे, येऊन न्या. येरवड्याच्या विशाखाताई सरकारी ऑफिसात कारकून होत्या, त्यांच्या बातम्या सगळ्यांत आखूड. "साहेब बदलले. नवे जुन्यासारखेच. लाल लोकर संपली." मी चौथी पास. एक पान वाचायला मला पाऊण तास लागायचा. मी मुद्दाम हळू वाचायचे. आठ दिवस पुरवायचं असायचं.

आता माझ्या नातीच्या मोबाइलवर भरतकाम करणाऱ्या बायकांचे गट आहेत. बोट फिरवलं की शंभर नमुने. ती मला दाखवते, मी बघते, चांगले असतात. कुठं पाहिला ते मात्र कुणी लिहीत नाही, आणि कुणाकडे लोकर संपली तेही कळत नाही. असो. तिला त्यातून मिळतं ते मिळो.

माझी अडचण नमुन्यांची होती. बाकीच्या बायका हिंडत्या होत्या. एकीनं पर्वतीच्या पायऱ्या काढल्या, एकीनं बसच्या खिडकीतून पाहिलेली गुलमोहराची रांग काढली. विशाखाताईंनी ऑफिसातल्या फायलींचा ढीग काढला होता, आणि तो इतका देखणा होता की तिघींनी उशांवर भरला. मी काय काढणार? पहिल्या फेरीला मी फरशीची नक्षी काढली. दुसऱ्या फेरीला खिडकीची जाळी. तिसऱ्या फेरीला पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेला कावळा. मग घरात बघण्यासारखं काही उरलं नाही. चौथ्या फेरीला मी चोरी केली. पलंगावरच्या चादरीवर मोर होता, तो चौकटीत बसवला आणि खाली लिहिलं, "शेतात पाहिला." वही फिरून परत आली तेव्हा मोराखाली लिमयेबाईंच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती. "या मोराची चादर आमच्याकडेही आहे. शेतात वाळत घातली होती का?"

भिंतीपाशी जाऊन मी शैलाताईंना दाखवलं. त्या हसल्या, आणि मग माझ्याकडे पाहून थांबल्या. म्हणाल्या, "अजी, मनाला नका लावून घेऊ. लिमयेबाई सगळ्यांनाच बोलतेत. पण हा मोर धरणार नाही त्या. आता ह्या फेरीला काही दिलं नाही, तर नाव जाईन बरं."

नाव गेलं असतं म्हणजे वही गेली असती. आजच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. त्या घरात बाहेरून येणारी आणि माझ्यासाठी येणारी एवढी एकच गोष्ट होती. आठ दिवस मी घरभर डोळे लावून फिरले. देव्हारा, कपबश्या, माझ्या लहानग्या मुलीची तीनचाकी. यातलं सगळं कोणी ना कोणी काढून झालेलं होतं. सातव्या दिवशी सकाळी मामंजींची जीप बाहेर पडली, त्यांचा हात गजांतून आत आला, साखळी ओढली, कुलूप लावलं, आणि हात परत गेला. मी तिथंच ओट्यावर बसले आणि फाटक काढलं. वर सूर्य, डावीकडे सोळा गज, उजवीकडे पंधरा, मध्ये साखळी, आणि साखळीला कुलूप. ते काळं होतं म्हणून चौकटी काळ्या केल्या. खाली नियमाप्रमाणे लिहिलं, "सुमन, वाघोली. आमचं फाटक. आतून पाहिलं." त्यात मी काही विशेष लिहीत आहे असं मला वाटलं नाही. नियम होता, पाळला.

वही आठ घरं फिरून आली. फाटक पाच जणींनी भरायला घेतलं होतं. मागच्या पानावर विशाखाताईंनी लिहिलं होतं, "वाघोलीचं फाटक भरते आहे. कुलूप आतल्या बाजूला कसं?" त्याखाली दुसरीनं, "मलाही तेच." त्याखाली बंगळूरच्या मुलाच्या आईनं, "सुमनबाई, तुम्हाला लोकर आणायला तरी जाता येतं ना?" आणि त्याखाली लिमयेबाईंनी, "कुलपाचं नंतर बघू. डावीकडे सोळा गज आणि उजवीकडे पंधरा. दोन्ही बाजू जुळत नाहीत, माझा अर्धा भाग उसवावा लागला. एक तर लोहार चुकला, नाहीतर तुम्ही. मोजून कळवा."

मी जाऊन मोजले. पंधरा. पुन्हा मोजले, पंधरा. बोटं लावून मोजले. मी लिहिलं, "पंधराच आहेत." इतर प्रश्नांची उत्तरं मी दिली नाहीत. काय देणार? शैलाताईंनी वही पुढे नेऊन दिली आणि दोन आठवड्यांनी भिंतीवरून निरोप दिला, "लिमयेबाई म्हणते, सोळाच असणार. गुरुवारी बघाले येतात."

"कुठं बघायला?"

"तुमच्या घरी. फाटक पाहाले."

मी आत्याबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मामंजींना सांगितलं असतं. गुरुवारी दुपारी फाटकाबाहेर रिक्षा थांबली आणि तिघी उतरल्या. एक उंच, पांढऱ्या केसांची, नऊवारीच्या वयाची पण पाचवारीत, हातात छत्री. एक ठेंगणी, खांद्याला ऑफिसची पर्स. आणि शैलाताई. पहिल्या दोघींना मी कधी पाहिलं नव्हतं, पण छत्रीवाली लिमयेबाई आणि पर्सवाली विशाखाताई हे मला लगेच कळलं, अक्षरं तशीच होती.

आत्याबाई पदर सावरत धावत आल्या. "कोन पायजे?"

"आम्ही सुमनबाईंकडे आलो आहोत," लिमयेबाई म्हणाल्या. "फाटक मोजायला."

"फाटक?"

"हो. आपलं फाटक आमच्याकडे भिंतीवर लागणार आहे. ते नीट असावं एवढीच इच्छा."

आत्याबाईंना काही कळलं नाही, पण दारात आलेल्या सवाष्णींना उभं ठेवायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी साखळीला हात लावला आणि हात तसाच राहिला. "चावी मालकांकडं हाय," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज तेवढा लहान झालेला ऐकला नव्हता. विशाखाताईंनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं जमीन दुभंगली तरी चालेल, पण जमीन आम्ही विकून बसलो होतो आणि जी उरली होती तिच्यावर फरशी होती.

"हरकत नाही," लिमयेबाई म्हणाल्या, "मोजायला चावी लागत नाही." त्यांनी छत्रीच्या टोकानं माझ्या उजवीकडचे, म्हणजे त्यांच्या डावीकडचे, गज मोजायला सुरुवात केली. "सोळा."

"पंधरा," मी आतून म्हणाले.

"सोळा, बाई. माझ्यासमोर आहेत."

"माझ्यासमोर पंधरा हायत."

"विशाखा, तू मोज गं."

"सोळा," विशाखाताई म्हणाल्या. "सुमनताई, या टोकाला खांबापाशी एक आहे. तुमच्याकडून दिसतो का?"

दिसत नव्हता. उजव्या खांबाला आतून विजेच्या मीटरची पेटी बसवली होती, तिच्यामागे तो शेवटचा गज गेला होता. तीन वर्षं मी त्या फाटकाकडे रोज बघत होते आणि ते मला सबंध दिसलं नव्हतं.

आत्याबाईंना सुचेल ते त्यांनी केलं. त्या आत गेल्या आणि चहा करून आणला. कप गजांतून बाहेर गेले, बशा गेल्या नाहीत. तिघींनी रस्त्यावर उभं राहून चहा घेतला, ट्रकची धूळ कपात पडू नये म्हणून वर हात धरून. "चहा छान झालाय हं," लिमयेबाई म्हणाल्या. "गवती चहा का?" आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, परसातला." तेवढ्यात जीप आली.

मामंजी उतरले. बाहेर तीन बायका कप घेऊन उभ्या, आत आम्ही दोघी. त्यांनी आधी शैलाताईंकडे पाहिलं, कारण त्या भाडेकरू. पण लिमयेबाई पुढे झाल्या.

"नमस्कार. फाटक उत्तम आहे आपलं. सूनबाईंनी हुबेहूब काढलंय. पाच घरांत भरतायत."

"काय काढलंय?"

विशाखाताईंनी पर्समधून घडी घातलेली जाळी काढून उलगडली. अर्धी भरलेली. सूर्य झाला होता, डावीकडचे गज झाले होते, आणि मध्ये काळं कुलूप पूर्ण भरलेलं होतं. मामंजी बराच वेळ बघत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. वाईट माणसाला शिव्या घालता येतात, यांच्याशी काय करायचं ते मला कधी कळलं नाही.

"ह्ये कुलूप पन भरलंय?" ते म्हणाले.

"तोच भाग तर सगळ्यांत उठून दिसतो," लिमयेबाई म्हणाल्या. "आता तेवढं उघडता का? सुमनबाईंना बाहेरून मोजायचंय. चूक ज्याची त्यानं दुरुस्त करावी, असा आमचा नियम आहे."

त्यांनी कुलूप उघडलं. परक्या शहरी बायकांसमोर ते दुसरं काही करू शकत नव्हते. मी नवऱ्याच्या चपला घालून बाहेर गेले, माझ्या चपला कुठं आहेत ते मला आठवेना. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी मोजले, मोठ्यानं, एकेका गजाला हात लावून. ट्रक जात होते, पदर उडत होता. सोळा होते. "सोळा," मी म्हणाले. "मग तसं लिहा," लिमयेबाई म्हणाल्या, आणि रिकामा कप माझ्या हातात दिला. मी आत आले. मामंजींनी फाटक लावलं.

त्या रात्री कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शैलाताईंना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, पाहुणे येणार आहेत म्हणून. कोणी पाहुणे आले नाहीत. त्या गेल्या तेव्हा भिंतीवरून म्हणाल्या, "वही आता इकडे आणून देणारं कोणी नाही जी. विशाखाताईच्या घरून तुम्हालेच न्यावी लागन." आणि कुलूप निघालं. कुलपाच्या जागी वॉचमन आला. निळा सदरा, डोक्यावर टोपी, बसायला खुर्ची. गावातलेच दामूतात्या होते, त्यांनीही जमीन विकली होती आणि त्यांच्या मुलांनी ती दोन वर्षांत उडवली होती. त्यांना सांगून ठेवलं होतं, सूनबाई बाहेर निघाल्या की कुठं जाता ते विचारायचं आणि संध्याकाळी मालकांना सांगायचं. अडवायचं मात्र नाही. अडवलं तर पुन्हा कोणीतरी मोजायला येईल, अशी धास्ती असावी.

नंतरच्या एका शुक्रवारी मी निघाले. दामूतात्या म्हणाले, "कुठं सूनबाई?" मी म्हणाले, "येरवड्याला." मग स्टँडवर उभी राहिले. दोन बस गेल्या. मी चढले नाही. कोणी अडवलं नव्हतं, पायच उचलेनात. परत आले. शनिवारी पुन्हा गेले, पुन्हा तसंच. दामूतात्यांनी दोन्ही दिवस संध्याकाळी काय सांगितलं असेल कोण जाणे. रविवारी प्लॉट बघायला गिऱ्हाइकं यायची, त्यामुळे घरातले दोघेही पुरुष साइटवर होते. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी मुलीला त्यांच्यापाशी बसवलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुलपाचं चित्र काढलंस तवा माझी पन लाज काढलीस, येवढं ध्यानात ठेव." मी म्हणाले, "हो." त्या म्हणाल्या, "येताना मला पन एक लडी आन. लाल." त्या दिवशी मी बसमध्ये चढले.

विशाखाताईंचं घर चाळीसारख्या बैठ्या ओळीत होतं, दारात तुळस नव्हती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी चौकटीत बसवलेला फायलींचा ढीग. त्यांनी वही काढून दिली. मी ती पिशवीत घातली आणि उभीच राहिले.

"बसा की," त्या म्हणाल्या.

"नको. घरी विचारतील."

"ते तसंही विचारणारच."

मी बसले.